शोध चालू आहे

पासलीला मी गेले होते ती भातखाचरांचे फोटो काढायला. माणसं शोधायला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भोरला बाजारपेठेत, भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर माझं आणि स्वानंदचं छोटंसं ऑफिस आहे. स्वानंद ड्रोन उडवतो, मी प्रोग्राम लिहिते. शिवाराचे वरून फोटो घ्यायचे, ते आमच्या वेबसाइटवर चढवायचे, आणि कुठे भात आडवं झालंय, कुठे करपा पडलाय ते नकाशावर दाखवायचं, असं आमचं काम. एका गावाचे फोटो हजारांच्या घरात जातात. ते तपासून होईपर्यंत कोणी स्क्रीनसमोर बसून राहत नाही. म्हणून वेबसाइट तुमचं काम नुसतं घेऊन ठेवते, 'झाल्यावर कळवू' म्हणते आणि तुम्हाला मोकळं करते. खरं काम मागच्या मागे चालतं. लांब कुठेतरी आम्ही भाड्याने घेतलेला सर्व्हर आहे, त्यावर एक वेगळाच प्रोग्राम असतो. आम्ही त्याला वर्कर म्हणतो. तो रांगेतलं पुढचं काम उचलतो आणि करत राहतो. तुम्ही पान बंद करा, लॅपटॉप मिटा, गावाला निघून जा, त्याचं काही अडत नाही. मध्येच काही बिघडलं तर जिथे सुटलं होतं तिथून तो पुन्हा सुरू करतो. काम सांगणारा माणूस अजून वाट बघतोय की नाही, हे तो कधी विचारत नाही.

भाद्रपद लागला होता. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे करत आम्ही सकाळीच पासलीत पोचलो. भात पोटरीला आलं होतं. धुकं इतकं खाली उतरलं होतं की गावाच्या वरच्या अंगाची घरं अर्धीच दिसत होती. सगळीकडे ओल्या शेणाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. स्वानंद ड्रोनची पेटी उघडत होता, तेवढ्यात एक तरुण पळत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले.

"ह्ये इमान माणूस हुडकंल का?"

तो इंद्रजित. त्याचे वडील, सावळाराम, आदल्या दिवशी म्हैस आणायला वरच्या पठारावर गेले होते, ते परतलेच नव्हते.

"म्हैस आली का घरी?" मी विचारलं.

"म्हैस न्हाईच की आमच्याकडं," तो म्हणाला. "ती इकून लई वर्सं झाली. आबांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा. येळ झाली की काठी घेत्यात न् निगत्यात. रोज म्या माघारी आणतो. काल म्या मार्गासनीला गेलतो."

त्याची आई, साळूबाई, ओट्यावर बसली होती. रडत नव्हती. सुपात तांदूळ होते, बोटं आपोआप खडे वेचत होती, आणि नजर धुक्यात शिरलेल्या पायवाटेवर होती.

"बाई, त्येंच्या अंगावर पांढरं धोतार हाय," ती मला म्हणाली. "खांद्याला काळी घोंगडी. वरनं दिसंल न्हवं?"

"दिसेल, मावशी," मी म्हणाले.

माझ्या दृष्टीने काम अवघड नव्हतं. पिकाऐवजी माणूस ओळख, एवढंच प्रोग्रामला सांगायचं होतं. माणूस सापडला की त्याच्याभोवती लाल चौकट काढायची, आणि तो फोटो, ती जागा इंद्रजितच्या मोबाईलवर पाठवायची. धुकं विरळ झालं की स्वानंद ड्रोन वर न्यायचा, दाटलं की उतरवायचा. असं करत त्याने सबंध पठार, दोन्ही घळी आणि पलीकडच्या केळद गावाच्या अंगाचं रान पिंजून काढलं. पासलीत रेंज धड नव्हती, म्हणून फोटो आम्ही भोरला आणले आणि ऑफिसमधून चढवले. पानावर हिरवी अक्षरं उमटली. शोध चालू आहे.

पुढचे काही दिवस इंद्रजितला मेसेज जात राहिले. एकदा बुजगावणं निघालं. एकदा कातळावर वाळत पडलेलं कोणाचं तरी उपरणं. एकदा एक गुराखी, जो घरी सुखरूप होता. प्रत्येक वेळी इंद्रजित त्या जागेपर्यंत चढून गेला. गावातली माणसं होती, दोर घेऊन बाहेरून आलेली गिर्यारोहक पोरं होती, पोलीसही येऊन गेले. मग एकेकजण कमी होत गेला. शेवटी वर्करनेही सगळे फोटो संपवले. शोध पूर्ण. व्यक्ती आढळली नाही.

मी इंद्रजितला फोन केला.

"सगळं बघितलं त्येनं?"

"सगळं."

"मग पुन्यांदा बघाया सांगा. त्येला काय, त्यो दमत न्हाई."

मी काम पुन्हा रांगेत टाकलं. दुसरं काय करणार होते? मेलेल्या माणसाचं सुतक तरी धरता येतं. इथे साळूबाई रोज कुंकू लावत होती आणि रोज ताट वाढून झाकून ठेवत होती.

भाद्रपद सरत आला तेव्हा त्याचा फोन आला. आवाज चिरकत होता.

"ताई, आबा घावलं! फोटू बगा... हुबं हायेत!"

मी फोटो उघडला. पठार. मधोमध सावळाराम उभे, धोतर, खांद्यावर घोंगडी. मान पूर्ण वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंद नव्हता, काहीच नव्हतं. त्यांच्याभोवती लाल चौकट होती. आणि त्यांच्या उजव्या हाताला, माणसाच्याच मापाची, आणखी एक लाल चौकट होती. तिच्यात कोणी नव्हतं. नुसती फुलं होती.

मग त्या फुलांकडे माझं लक्ष गेलं. सगळं पठार सोनकीने पिवळंजर्द झालं होतं. आम्ही ड्रोन उडवला तेव्हा तिथे एक फूल नव्हतं, नुसतं हिरवं गवत होतं. आणि त्या दिवसापासून ड्रोन आमच्या ऑफिसच्या कपाटात बंद होता.

मी स्वानंदला हाक मारली. त्याने कपाट उघडलं. ड्रोन जागेवर होता, त्याच्या पात्यांवर धूळ बसली होती. मग मी सर्व्हरवर बघितलं. काम चालू होतं. आम्ही दिलेले फोटो केव्हाच संपले होते, आणि तपासलेल्या फोटोंचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे जाऊन अजून वाढत होता. आम्ही न दिलेले, कोणीच न काढलेले फोटो तो एकेक करून बघत होता.

इंद्रजित गावातल्या चौघांना घेऊन वर गेला. परतल्यावर त्याने फोन केला. तिथे कोणी नव्हतं.

"फुलं बी मोडल्याली न्हाईत, ताई. माणूस हुबा ऱ्हायला तर पायाखालची फुलं मोडतील न्हवं?"

मी काम थांबवलं. थोड्या वेळाने बघितलं तर ते चालू होतं. ठरलेलंच होतं म्हणा, बिघडलं तर पुन्हा सुरू हो, असंच त्याला सांगितलेलं असतं. मी ते कामच पुसून टाकलं. मग वर्कर काढून टाकला. शेवटी, स्वानंदच्या समोर, सर्व्हरच कायमचा बंद केला. आमची वेबसाइट उघडेनाशी झाली.

"आता कुठे चालणार ते?" स्वानंद म्हणाला, आणि आम्ही दोघं उगीचच हसलो.

दिवेलागणीला इंद्रजितचा फोन आला. नवा फोटो आला होता. तसाच, फक्त कॅमेरा आधीपेक्षा खाली आलेला. सावळारामांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसत होत्या. शेजारची चौकट अजून रिकामी होती.

दुसऱ्याच दिवशी मी पासली गाठली. तो मोबाईल त्यांच्याकडून काढून घ्यायचा, एवढंच मनात होतं. साळूबाई अंगणात उभी होती, उघड्यावर, पावसाची भुरभुर अंगावर घेत. मला वाटलं काही वाळत घालतेय. पण तिचे हात मोकळे होते.

"मावशी, आत चला. भिजताय."

"हितंच बरं हाय," ती म्हणाली. "छपराखाली वरनं दिसत न्हाई."

मी तिला बळेच ओट्यावर आणलं. सांगितलं, हे फोटो खरे नाहीत, यंत्रात बिघाड झालाय, मी सगळं बंद करून टाकलंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता.

"बंद नका करू, बाई. येवडं ऐका माजं. गाव दमलं, पोलीस दमलं, माजा ल्योक दमला... त्यो एकटाच बगतोय अजून. त्यात त्ये दिसत्यात तरी."

"ते तिथे नाहीत, मावशी."

"मग कुठं हायेत? तुमी सांगा."



तिने मोबाईल पुढे केला आणि त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही जागा ठिवलीया बगा त्येंनी. लगीन लागताना बी म्या उजव्या अंगालाच हुबी व्हते."

मी मोबाईल मागितला. तिने तो पदराआड घेतला. इंद्रजित भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तशीच परतले.

तीन-चार दिवसांत साळूबाई गेली. गेली म्हणजे कुठे, ते कोणालाच माहीत नाही. भरदुपारी अंगणात उभी होती. शेजारच्या बाईने खिडकीतून बघितलं होतं. धुक्याची एक लाट अंगणावरून सरकून गेली, आणि ती गेल्यावर अंगण मोकळं होतं. चपला तिथेच होत्या, टोकं डोंगराकडे करून, आणि मोबाईल ओट्यावर पडला होता.

मला कळवायला इंद्रजितने फोन केला नाही. फोटो पाठवला. पठारावर दोघं शेजारीशेजारी उभी, माना वर. दोघांच्याही चेहऱ्यावर तेच, काहीच नसलेलं. साळूबाईचं कुंकू पावसाने नाकापर्यंत ओघळलं होतं. आणि तिच्या पलीकडे तिसरी चौकट होती, रिकामी.

या वेळी मी थांबले नाही. स्वानंदला घेऊन गेले आणि इंद्रजितला गाडीत घालून भोरला आणलं. त्याचा मोबाईल मी काढून घेतला, सिम मोडून टाकलं. चार दिवस तो माझ्याच घरी होता. माझी आई त्याला जेवायला वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा. मग शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात ओळखीने त्याला कामाला लावलं. दिवसभर गाड्या, माणसं, गोंगाट, डोक्यावर पत्रा. तिथे धुकं नव्हतं, डोंगर लांब होते. मला वाटलं, हा तरी वाचला.

दसऱ्याच्या सुमारास मी त्याला भेटायला गेले. तो तब्येतीने सुधारला होता. माझ्यासाठी चहा घेऊन आला, समोर बसला.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "ताई... पाठीमागनं कुणी बघत आसलं की मानंला कळतं न्हवं? मला हितं कळतं." त्याने टाळूवर हात ठेवला. "पत्र्याखाली आसलं तरी."

"मनाचे खेळ असतात ते."

"आसंल," तो म्हणाला. "पर पैल्यासारकं लांबून न्हाई आता."

मी त्याला म्हटलं, काही दिवस तू परत माझ्याकडे चल. तो हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, "कुठवर नेणार? वर आभाळ सगळीकडंच हाय की."

आठवड्याने हॉटेलच्या मालकांचा फोन आला. इंद्रजित दुपारी जेवायला बसला होता. अर्ध्या भाकरीवरून उठला, हात धुतला, बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला. मालकांनी हाक मारली. गिऱ्हाईक आलं म्हणून ते आत वळले, परत बघितलं तर तो नव्हता. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात तो हॉटेलातून बाहेर येताना दिसतो. जाताना दिसत नाही.

आम्ही पोलिसांत कळवलं. पासलीला गेलो, पठारावर गेलो. फुलं संपली होती, गवत वाळायला लागलं होतं, वारा सुटला होता. मी हाका मारल्या. स्वानंद म्हणाला, ड्रोन उडवून बघू का? मी त्याच्याकडे असं बघितलं असणार, की त्याने पुन्हा तो शब्द काढला नाही.

परतीच्या वाटेवर, वेल्ह्यात रेंज आली तशी माझ्या मोबाईलवर मेसेज वाजला. तोपर्यंत ते फोटो इंद्रजितच मला पाठवायचा, थेट माझ्या नंबरवर कधीच आले नव्हते.

फोटोत तिघं होती. चेहरे खूप जवळ, फोटोभर तेवढेच. इंद्रजितच्या ओठाच्या कडेला भाकरीचा कण होता. मी चौथी चौकट शोधली. नव्हती. तिघांच्या तीन चौकटी, बास. मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, त्यात सुटल्याचं रडूही होतं.

स्वानंदने गाडी कडेला घेतली आणि मोबाईल हातात घेतला. तो बराच वेळ फोटोखालचा मजकूर वाचत होता.

"चैत्राली, इथे चार लिहिलंय."

"काय चार?"

"आढळलेल्या व्यक्ती, चार."

मी पुन्हा मोजलं. तीनच होती.

ड्रोनच्या प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता तेही येतं. स्वानंदची सवय अशी की तो आधी ते बघतो. त्याने बोटाने तो आकडा मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे कॅमेरा जमिनीच्या वर नव्हता." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "हे बघ... यांच्या मागे गवत कुठंय?"

गवत नव्हतं. तिघांच्या डोक्यांमागे नुसतं पांढरं होतं, धुकं आणि आभाळ. ती तिघं वर बघतच नव्हती. कशाच्या तरी काठावर उभी राहून, वाकून, ती खाली बघत होती, खालून वर बघणाऱ्या चौथ्या माणसाकडे.

स्वानंद त्याच महिन्यात पुण्याला भावाकडे निघून गेला. माझे फोन तो उचलत नाही, आणि मीही त्याला दोष देत नाही. ऑफिस बंद आहे. मी दोनदा मोबाईल बदलला, नंबर बदलला. मेसेज येतात. आई विचारते, कोणाचे गं एवढे? मी सांगते, कामाचे.

आता मी ते फोटो न बघता राहूच शकत नाही. हल्ली त्यांच्या चारी कडा काळपट झाल्या आहेत, आणि मधला उजेड दर वेळी थोडा लहान झालेला असतो. काल आलेल्या फोटोत तिघांनीही उजवा हात पुढे केलाय. मला आधी वाटलं, हात द्यायला, वर ओढून घ्यायला. मग फोटो मोठा करून बघितला. तिघांच्याही मुठी वळलेल्या आहेत, आणि बोटांच्या फटींतून बारीक माती गळतेय.